जुनेपणाचा डौल



वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत घरसजावटीचा विषय, आणि त्यापुढे कामगार चळवळीतल्या माणसाचे नाव, हे पाहून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. परंतु घर सजवणे म्हणजे अखेर काय? लाकूड तासायचे, भिंत रंगवायची, कापड शिवायचे, पितळ घासायचे. यांतले एकही काम हातांवाचून होत नाही. आणि जिथे हात आले तिथे आमचा विषय आलाच. म्हणून चिटणीसांनी विचारले तेव्हा आम्ही आनंदाने होकार दिला.

आज आम्ही ज्या सजावटीविषयी बोलणार आहोत तिला इंग्रजीत 'शॅबी शिक' म्हणतात. 'शॅबी' म्हणजे जुनाट, झिजलेले, काहीसे कळकट. 'शिक' हा मूळचा फ्रेंच शब्द, त्याचा अर्थ डौलदार. तेव्हा मराठीत आपण याला 'जुनेपणाचा डौल' म्हणू. अशा सजावटीची खोली डोळ्यांपुढे आणा. भिंतीशी पांढरट रंगाचे एक फडताळ आहे. त्याच्या कडांवरचा रंग उडून खालचे लाकूड दिसते आहे. कोचावर सुती कापडाची सैल खोळ आहे, आणि तिच्यावरची गुलाबाची फुले धुऊन धुऊन विटली आहेत. चार खुर्च्या चार तऱ्हांच्या आहेत. भिंतीवरच्या आरशाचा पारा कोपऱ्यांतून उडालेला आहे, आणि वर एक जुने काचेचे झुंबर आहे. कशाचा कशाशी जोड नाही, तरी सगळे एकमेकांना धरून आहे. खोलीत शिरलेला माणूस बिचकत नाही. बसू की नको असा प्रश्न त्याला पडत नाही. या सजावटीचा खरा गुण हाच, आणि तो आम्ही आरंभीच मान्य करतो.

ही तऱ्हा आली कुठून? हिचे एक मूळ इंग्लंडातल्या जमीनदारांच्या खेड्यांतल्या वाड्यांत आहे. १८९४ साली अर्थमंत्री सर विल्यम हारकोर्ट यांनी वारशाने मिळणाऱ्या मालमत्तेवर कर बसविला. पुढे तो वाढत गेला आणि १९१९ साली सर्वांत मोठ्या मालमत्तांवर शेकडा ४० इतका झाला. दुसरीकडे महायुद्धाच्या काळात मोलकरणींनी आणि गड्यांनी कारखान्यांची वाट धरली. जिथे जास्त मजुरी आणि संध्याकाळनंतर स्वतःचा वेळ मिळतो, तिथून माणसे पुन्हा वाड्यावर पडेल ते काम करायला सहसा येत नाहीत. परिणाम असा झाला की, वाड्यांना दरसाल रंग लागेना, पडदे उन्हाने विटले तरी बदलेनात, गालिच्यांच्या दशा निघाल्या तरी ते तसेच राहिले. या पडत्या काळाची पुढे एक शोभा बनली. मूळच्या अमेरिकेतल्या नॅन्सी लँकॅस्टर आणि सजावटकार जॉन फाउलर या जोडीने नवी खोलीदेखील पिढ्यान्‌पिढ्या वापरल्यासारखी दिसावी अशी कला विसाव्या शतकाच्या मध्यास नावारूपाला आणली. नव्या कापडाचा भडकपणा मोडावा म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडवण्याची युक्तीही या पंथाने काढली.

दुसरे मूळ स्वीडनमध्ये आहे. तिथला राजा तिसरा गुस्ताव, १७७१ ते १७९२ या काळात गादीवर होता. फ्रान्सच्या दरबारातला थाट त्याला आवडला. परंतु सोन्याचा मुलामा सगळ्यांना कुठून परवडणार? तेव्हा सुतारांनी घरचेच साधे लाकूड घेतले, फ्रेंच घाटाचे सामान केले आणि त्याला फिकट पांढरा, राखाडी रंग दिला. हिवाळ्यात जिथे सूर्य जेमतेम डोकावतो तिथे या रंगाने खोलीत उजेड येई. गरजेतून आलेला तो पांढरा रंगच पुढे फॅशन झाला.

या दोन्ही धाग्यांची वीण अमेरिकेत पडली. इंग्लंडात जन्मलेल्या रॅचेल अ‍ॅशवेल या बाईंनी १९८९ साली कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका येथे 'शॅबी शिक' याच नावाचे दुकान काढले. जुन्या बाजारातून सामान आणायचे, त्याचा झिजलेपणा घालवायचा नाही, आणि कोचावर धुता येईल अशी खोळ घालायची, म्हणजे घरातल्या मुलांना ओरडावे लागत नाही, असा त्यांचा सरळ व्यवहारी विचार होता. पुढे २००४ साली त्याच नावाचा स्वस्त माल एका अवाढव्य साखळी-दुकानातून विकला जाऊ लागला, आणि गोष्ट बदलली. ती कशी बदलली, ते सांगण्यापूर्वी दोन जुन्या हकीकती ऐका.

पहिली छिटेची. ज्या गुलाबी फुलांच्या कापडावाचून ही सजावट पुरी होत नाही, त्याला इंग्रजीत 'चिंट्‌झ' म्हणतात. हा शब्द आपल्या 'छीट' शब्दावरून गेला आहे. सतराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावरची आणि गुजरातेतली रंगीत सुती कापडे युरोपात गेली. धुतली तरी रंग जात नाही, हे तिथल्या लोकांना जादूसारखे वाटले. इतकी मागणी झाली की, फ्रान्सने १६८६ साली या कापडावर बंदी घातली आणि इंग्लंडने १७०० व १७२१ साली दोन कायदे केले. १७१९ साली लंडनच्या विणकरांनी रस्त्यात बायकांच्या अंगावरची छिटेची वस्त्रे फाडली. पोट जात होते म्हणून ते चिडले, हे आम्ही समजू शकतो. पण ज्यांच्या अंगावर हात टाकला त्या बायकांचा काय अपराध? दूरदेशीचा कारागीर आणि गावातला कारागीर यांना एकमेकांचे वैरी करून टाकणारा बाजार तेव्हाही होता. विटलेल्या गुलाबाच्या त्या खोळीमागे एवढा इतिहास आहे.

दुसरी हकीकत विल्यम मॉरिस यांची. हे कवी होते, छपाईचे कारागीर होते, आणि उतारवयात समाजवादी झाले. त्यांच्या काळी इंग्लंडात जुनी देवळे 'दुरुस्त' करण्याची लाट आली होती. दुरुस्ती म्हणजे काय, तर शतकानुशतकांचा गिलावा आणि दगडावरची झीज खरवडून काढायची आणि इमारत कोरी करकरीत करायची. याला विरोध म्हणून १८७७ साली मॉरिस यांनी प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाची एक संस्था काढली. तिचे टोपणनावच 'अँटी-स्क्रेप', म्हणजे 'खरवडविरोधी' असे पडले. मॉरिस यांची भूमिका साधी होती: दगडावरची झीज हा त्या दगडाचा इतिहास आहे, आणि तो पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता गंमत पाहा. मॉरिस यांच्या काळी जुने खरवडून नवे करीत. आमच्या काळी नवे खरवडून जुने करतात. त्या साखळी-दुकानांना लाखो नग लागतात, आणि जुन्या बाजारात लाखो झिजलेली फडताळे कुठून येणार? तेव्हा झीज कारखान्यात बनू लागली. नवे कपाट तयार करायचे, त्याला दोन रंग द्यायचे, आणि मग एखाद्या कामगाराने दिवसभर उभे राहून यंत्राच्या पॉलिशपेपराने कडा घासायच्या. साखळीने ठोके मारायचे, म्हणजे लाकडावर पोचे येतात. सुईसारख्या अणीने टोचायचे, म्हणजे किडीची भोके दिसतात. जी झीज एखाद्या घराण्याच्या चार पिढ्यांच्या हातांनी व्हायची, ती वीस मिनिटांत एका माणसाच्या हातांनी होते. आणि पिढ्यान्‌पिढ्यांची धूळ जी हळूहळू उडून गेली असती, ती त्या एका माणसाच्या नाकातोंडात जाते.

इथे आमचे म्हणणे सुरू होते. धूळ ही किरकोळ गोष्ट नाही. इंग्लंडात हाय वायकॉम हे खुर्च्या बनविणारे जुने गाव आहे. तिथल्या लाकूडकामगारांत नाकाच्या आतल्या पोकळीचा एक विरळ कर्करोग फार आढळतो, हे १९६०नंतरच्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिले. पुढे १९९५ साली कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून जाहीर केली. आमच्या बैठकीत रंगकाम करणारी मुले सांगतात की, संध्याकाळी नाक पुसले की रुमालावर कपाटाचा रंग उतरतो. ते हसत सांगतात. आम्हाला हसू येत नाही.

कपड्यांच्या बाबतीत तर याहून भयंकर घडले. फॅशन तीच: नवी जीनची विजार जुनी दिसली पाहिजे. तुर्कस्तानात त्यासाठी वाळूचा जोराचा फवारा कापडावर मारीत. बंद खोल्यांतून, तोंडाला साधा फडका बांधून, तरुण पोरे हे काम करीत. वाळूतली सिलिका फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा करणारे औषध नाही. खाणीत वीस-वीस वर्षे काम केल्यावर जो रोग दिसायचा, तो या पोरांत थोड्याच वर्षांत दिसला. कित्येक दगावले. अखेर २००९ साली तुर्कस्तानने या कामावर बंदी घातली. विजारीचा गुडघा पांढरा दिसावा म्हणून माणसाचा श्वास गेला. याहून महाग जुनेपण कोणते?

आपल्या देशात या धंद्याचे मोठे केंद्र राजस्थानातले जोधपूर आहे. आरंभी जुन्या हवेल्यांचे दरवाजे, पेटारे, खांब तिथून परदेशी जात. जुना माल पुरेना, तेव्हा आंब्याच्या आणि शिसमच्या नव्या लाकडाचे जुने दिसणारे सामान तिथे बनू लागले, आणि आज ते जगभर जाते. त्या धंद्यावर हजारो सुतारांची आणि रंगाऱ्यांची चूल पेटते. म्हणून हा माल घेऊच नका असे आम्ही सांगणार नाही. रस्त्यात छीट फाडणाऱ्या विणकरांची चूक आम्हाला करायची नाही. आमची मागणी वेगळी आहे. धूळ जिथे उठते तिथेच ओढून घेणारे यंत्र बसवता येते. ओल्या पद्धतीने घासता येते. नाकावर फडक्याऐवजी खरी गाळणी देता येते. हे करणारे चांगले कारखानदार आहेत, आणि त्यांचा माल थोडा महाग पडतो. दुकानात गेल्यावर "हे घासले कुठे, आणि घासणाऱ्याच्या नाकावर काय होते?" एवढे विचारा. दुकानदार पहिल्यांदा बावरेल. शंभर गिऱ्हाइकांनी विचारले की तो पुढे विचारील.

आता घरातल्या धोक्याविषयी, कारण हे काम हौसेने स्वतः करणारे पुष्कळ आहेत. जुन्या तेलरंगात शिसे असते. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन गावी मुलांना पोटशूळ आणि हातापायांचा लुळेपणा होऊ लागला. कारण सापडेना. १९०४ साली डॉ. गिब्सन यांनी ते दाखवून दिले. उन्हाने भुकटी झालेला ओसरीच्या कठड्यांवरचा रंग मुलांच्या बोटांना लागे आणि बोटे तोंडात जात. रंगाऱ्यांना तर हा रोग शतकानुशतके ठाऊक होता. १९२१ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने इमारतींच्या आतील रंगकामात सफेत्याचा, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगाचा, वापर बंद करण्याचा करार केला. अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी घातली. आपल्याकडच्या १९४८च्या कारखाना कायद्यातल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा पहिल्या क्रमांकावर होती. पण घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा येण्यास नोव्हेंबर २०१७ उजाडावे लागले. म्हणजे त्याआधी रंगवलेली खिडकी, पाळणा, कपाट यांवरचा रंग संशयितच समजला पाहिजे.

म्हणून सांगतो, जुना रंग कधी कोरडा घासू नका आणि दिव्याच्या ज्योतीने जाळून काढू नका. घासायचाच असेल तर पाणी मारून ओला घासा. खाली प्लास्टिक पसरा. मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना त्या खोलीतून दूर ठेवा. लादी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. अंगावरचे कपडे वेगळे धुवा. आणि ज्या घरात रांगते मूल आहे तिथे पोपडे सुटलेला जुना रंग 'शोभेसाठी' तसाच ठेवण्याचा मोह टाळा. तो नव्या रंगाखाली घट्ट दाबून टाकावा, यातच शहाणपण आहे.

मग घर सजवायचे तरी कसे? फार सोपे आहे. आधी दुकानात जाऊ नका, माळ्यावर चढा. आपल्या गावातले वाडे एकामागून एक पडत आहेत आणि त्यांचे सागाचे खांब, दारे, कोनाड्यांच्या चौकटी जुन्या लाकडाच्या वखारीत वजनावर किंवा घनफुटावर जात आहेत. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात याच घरांतली सामग्री दुसरी माणसे हौसेने घेताना दिसतात. एकीकडे आजीचे फडताळ भंगारात द्यायचे आणि दुसरीकडे तसेच दिसणारे, भुशाच्या फळीचे, खोटी भोके पाडलेले फडताळ हप्त्यांवर घ्यायचे, हा हिशेब आम्हाला कळत नाही.

माळ्यावरचे फडताळ खाली आणल्यावर प्रथम सांधे पाहा. खिळखिळे असेल तर सुताराकडून कुसू नि खाच नीट बसवून घ्या; बिजागऱ्यांना तेल द्या. डुगडुगणे ही शोभा नव्हे. सागाचे उघडे लाकूड चांगले असेल तर रंग देऊच नका; सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा, वाळू द्या आणि मेण घासा. रंगच द्यायचा असेल तर आधी गडद रंगाचा एक हात द्या. तो वाळला की साध्या मेणबत्तीचा तुकडा घेऊन कडांवर, मुठीभोवती, पायांच्या खालच्या अंगाला घासा. त्यावर पांढऱ्या रंगाचा हात द्या. वाळल्यावर ओल्या खरखरीत फडक्याने पुसले की मेण लावलेल्या जागेचा पांढरा रंग सुटतो आणि खालचा दिसतो. धूळ जवळजवळ उडत नाही. मेण कुठे लावायचे हे ठरवताना मात्र एक प्रश्न स्वतःला विचारा: इथे हात लागला असता काय? खरी झीज हात, पाय आणि कंबर जिथे लागते तिथेच होते. खुर्चीच्या पाठीमागच्या मधल्या फळीवर ती होत नाही. बाजारातल्या खोट्या मालाची परीक्षा आम्ही याच प्रश्नाने करतो.

खोळीसाठी सुती कापड घ्या, शिवण्यापूर्वी एकदा धुऊन आटवून घ्या, आणि बंदाने बांधता येईल अशी शिवा. पांघरुणासाठी तर आपल्याकडे गोधडी आहेच. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून आमच्या आयांनी जे शिवले, त्याला फॅशनचे नाव कुणी दिले नव्हते एवढेच.

एक आक्षेप आम्हालाच आमचे सहकारी घेतात, तो सांगून पुढे जातो. ते म्हणतात, "पोपडे आलेली भिंत चाळीत असली की दैन्य, आणि बंगल्यात असली की डौल, या थट्टेचे तुम्ही कौतुक काय करता?" आक्षेप खरा आहे. ज्याच्या घरी छप्पर गळते त्याला भिंतीचा ओघळ कलात्मक वाटणार नाही, आणि वाटू नये. जुनेपण निवडता आले तरच तो डौल; लादले गेले की ती उपेक्षा. म्हणूनच धडके छप्पर, कोरडी भिंत आणि पुरेशी मजुरी ही आमची मागणी आधी, आणि सजावट नंतर. परंतु याचा अर्थ असा नव्हे की, कामगाराला शोभेची भूक नसते.

इंग्लंडात रॉबर्ट ट्रेसेल या टोपणनावाने लिहिणारा एक रंगारी होऊन गेला. 'द रॅगेड ट्राउझर्ड फिलॅन्थ्रॉपिस्ट्स' ही त्याची कादंबरी १९१४ साली, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झाली, आणि कामगार चळवळीत ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. तिचा नायकही रंगारीच आहे. इतर वेळी मालक त्याच्याकडून भराभर, कसेबसे काम उरकून घेतो. परंतु एकदा एका श्रीमंताचा दिवाणखाना नक्षीने रंगवण्याचे काम त्याला मिळते, आणि अंगात क्षय असताना हा माणूस रात्री घरी जागून नक्षीचे आराखडे काढतो. घर दुसऱ्याचे, नफा दुसऱ्याचा. तरी काम मनासारखे करायला मिळाले याचाच त्याला आनंद. आम्ही पस्तिशी ओलांडल्यावर हे पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून वाचले, आणि मजुरीच्या मागणीइतकीच या आनंदाची मागणीही आमच्या मागणीपत्रात असली पाहिजे, असे तेव्हापासून आमचे मत आहे.

बंधुभगिनींनो, वस्तू वापराने झिजते, तेव्हा ती झीज वापरणाऱ्याची असते. ती विकत घेतली की ती दुसऱ्या कुणाच्या तरी छातीतून वजा होते. तेव्हा जुने असेल ते सांभाळा, मोडले असेल ते दुरुस्त करा, दुरुस्त करणाऱ्याला घासाघीस न करता दाम द्या, आणि नवे घ्याल ते नव्यासारखेच घ्या. चांगले लाकूड, चांगले सांधे असतील तर तुमची मुलेबाळे, त्यांचे धावणेपडणे आणि रोजचे फडके त्याला यथावकाश जुने करतीलच. त्या कामाला मजूर लावावा लागत नाही.